पाळकाची परीक्षा घरात होते का? टिळक, लक्ष्मीबाई आणि एक जुनी यादी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना होणारे 'अं' आणि 'म्हणजे' काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. लोकलमध्ये नेटवर्क नसेल तर वाचून घ्या.)



मागच्या महिन्यात आम्ही चौघं मित्र कर्नाळ्याला गेलो होतो. पनवेलमध्ये राहणाऱ्यांना कर्नाळा म्हणजे पावसाळ्यातली हक्काची जागा. गोवा हायवेवरून आत शिरायचं, पक्षी अभयारण्याचं तिकीट काढायचं आणि धापा टाकत वर त्या सुळक्यापाशी पोचायचं. मी इतिहासाचा किडा असल्यामुळे वर पोचल्यावर माझं लेक्चर ठरलेलं असतं. या वेळी मी १५४० ची गोष्ट सांगत होतो. त्या साली कर्नाळ्यासाठी अहमदनगरची निजामशाही, गुजरातची सुलतानी आणि वसईचे पोर्तुगीज अशी तिरंगी ओढाताण झाली. वसईच्या पोर्तुगीज कप्तानानं सैन्य पाठवून गड घेतला आणि पुढे वार्षिक खंडणी ठरवून तो परत नगरच्या निजामशहाकडे गेला.

माझं सांगून झालं, तर आमच्यातला एक जण गप्पच. तो मूळचा नगरचा, आताच्या अहिल्यानगरचा. कुटुंब तीन पिढ्या ख्रिस्ती. विचारलं, "काय रे, बोअर झालं का?" तर म्हणाला, "नाही रे, डोक्यात दुसरंच चाललंय. आमच्या मंडळीत नवीन वडील निवडायचेत. एक नाव जवळपास फायनल आहे. माणूस हुशार, बोलतो छान, देणग्या आणतो. पण घरी कसा वागतो हे शेजारपाजारच्या सगळ्यांना माहीत आहे. माझी आई काल फोनवर म्हणाली, 'त्याच्या बायकोला कोणी विचारलंय का?' आणि मला उत्तर देता येईना."

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. मराठी ख्रिस्ती बोलीत 'मंडळी' म्हणजे एका चर्चचा समाज, 'पाळक' म्हणजे पास्टर आणि 'वडील' म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे निवडलेले लोक. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण आईचा तो प्रश्न मला गड उतरेपर्यंत सोडेना. घरी येऊन वाचत बसलो, आणि लक्षात आलं की हा प्रश्न जवळपास एकोणीसशे वर्षं जुना आहे. त्याचं सगळ्यात प्रामाणिक मराठी उत्तर नगरमध्येच सापडतं, आणि ते एका पाळकाच्या बायकोनं लिहिलेलं आहे.

आधी ती यादी

बायबलच्या नव्या करारात तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या पुढाऱ्यासाठी अटींची एक यादी येते. तीताला लिहिलेल्या पत्रातही थोड्या फरकानं तशीच यादी आहे. परंपरा ही पत्रं पौलाची मानते. आजचे बरेच अभ्यासक म्हणतात की ती त्याच्या नंतरच्या पिढीत, पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिली गेली.

यादी मी माझ्या शब्दांत सांगतो. पुढाऱ्यावर बोट ठेवायला जागा नसावी. तो एका बायकोशी निष्ठावंत असावा. डोकं ठिकाणावर असलेला, सभ्य, पाहुण्यांना घर उघडं ठेवणारा, शिकवता येणारा असावा. दारुडा नसावा, मारकुटा नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा. स्वतःचं घर नीट सांभाळणारा असावा. कालच विश्वासात आलेला नसावा, नाहीतर डोक्यात हवा जाते. आणि शेवटची अट मला सगळ्यात भारी वाटली: मंडळीच्या बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं.

आता जॉब डिस्क्रिप्शन वाचायची सवय असलेल्या माणसाच्या नजरेनं हे वाचा. पंधरा-एक अटींमध्ये 'स्किल' म्हणता येईल अशी एकच आहे, शिकवता येणं. बाकी सगळं वागणं. चमत्कार करता यावेत, दर्शनं व्हावीत, असं काही त्यात नाही. उच्च कुळ, रंग, प्रांत यांतलंही काही नाही.

आणखी एक गंमत. त्याच पहिल्या शतकात ओनासँडर नावाच्या ग्रीक लेखकानं सेनापती कसा निवडावा यावर पुस्तक लिहिलं होतं. त्याची यादीही बरीचशी अशीच आहे: संयमी असावा, पैशाचा लोभी नसावा, बोलता यावं, लोकांत नाव चांगलं असावं. म्हणजे चर्चनं पुढाऱ्याकडून जगावेगळं काही मागितलंच नव्हतं. चारचौघांत ज्याला 'भला माणूस' म्हणतात, तेवढंच मागितलं होतं. आणि तेवढंच फार अवघड निघालं.

माणूस वाईट, तर मग काम रद्द?

पहिली मोठी परीक्षा उत्तर आफ्रिकेत झाली. ३०३ साली रोमन सम्राट डायोक्लेशननं ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. धर्मग्रंथ जमा करा, नाहीतर शिक्षा भोगा. काही बिशप आणि धर्मगुरूंनी जीव वाचवायला ग्रंथ देऊन टाकले. छळ थांबला तेव्हा प्रश्न आला: या लोकांनी दिलेला बाप्तिस्मा, यांनी नेमलेले बिशप खरे मानायचे का?

डोनाटिस्ट म्हणून ओळखला गेलेला गट म्हणाला, नाही. ज्याचे हात मळलेले, त्याच्या हातून पवित्र काम होऊच शकत नाही. या वादात कार्थेजचं, म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं, चर्च शंभर वर्षं दुभंगलं. ४११ साली दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून जास्त बिशप समोरासमोर बसले. ऑगस्टीन दुसऱ्या बाजूनं होता. त्याची भूमिका अशी की बाप्तिस्मा देवाचा आहे, देणाऱ्या माणसाचा नाही. देणारा वाईट निघाला म्हणून घेणाऱ्याचा बाप्तिस्मा रद्द होत नाही. मुख्य चर्चनं हीच भूमिका धरली.

मला ही भूमिका पटते. उद्या कळलं की आपलं लग्न लावणारा माणूस लबाड होता, तर लग्न रद्द होत नाही ना! पण यात एक पळवाटही तयार होते. 'त्याचं काम तर वैध आहे ना, मग माणूस कसा का असेना.' ऑगस्टीनला असं म्हणायचं नव्हतं. पदाला वैधता मिळाली म्हणून पदावरच्या माणसाला सूट मिळत नाही. आमच्या क्षेत्रात सांगायचं तर, कोड चालतोय म्हणून तो लिहिणाऱ्यानं ज्युनियरला रडवलं हे माफ होत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात.

यादीत नसलेली अट

आपल्या बाजूला येऊ. सतराव्या शतकात गोव्याच्या दिवाडी बेटावर मातेउस दे कास्त्रो नावाचा ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती तरुण होता. त्याला धर्मगुरू व्हायचं होतं. गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी दार उघडलं नाही. तो थेट रोमला गेला, तिथे शिकला, धर्मगुरू झाला आणि १६३७ साली बिशप झाला. विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी त्याची नेमणूक झाली. गोव्यातले अधिकारी तरीही त्याला मान्यता देईनात. भांडणं आयुष्यभर चालली. त्याचा स्वतःचा स्वभावही काही थंड नव्हता. १६७७ साली तो रोममध्ये वारला.

म्हणजे कागदावर जी यादी होती, तिच्यात वर्ण, वंश काही नव्हतं. पण प्रत्यक्षात पहिला फिल्टर तोच लागला. चारित्र्य तपासायची वेळ नंतरची. ज्या संस्थेत आधी 'हा आपल्यातला आहे का' हे विचारलं जातं, तिथे 'हा चांगला आहे का' हा प्रश्न मागे पडतो. हे फक्त चर्चचं नाही. आपल्या सोसायटीच्या कमिटीतही बघा.

आता नगर

नारायण वामन टिळक. शाळेत यांच्या कविता आपण वाचल्यात. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित, कवी आणि पायाला भिंगरी. लग्न झालं तेव्हा बायको साधारण अकरा वर्षांची. माहेरचं नाव मनकर्णिका, सासरी लक्ष्मी.

आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन माणसानं टिळकांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनानं ते हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात घेऊन नाही. लक्ष्मीबाईंना ही बातमी म्हणजे वीज कोसळल्यासारखी होती. पदरात लहान मुलगा दत्तू, नवरा जिवंत असून संसार मोडलेला, नातेवाइकांच्या आश्रयानं दिवस काढायचे. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचारानं त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. १९०४ साली त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. तारखा जोडून बघा: बाप्तिस्मा १८९५, पाळक १९०४. मध्ये नऊ वर्षं. एवढा गाजलेला कवी, उच्चवर्णीय, मिशनसाठी तर 'स्टार' माणूस. तरी पद मिळायला नऊ वर्षं गेली. 'कालच आलेला नसावा' ही अट इथे तरी पाळली गेली असं दिसतं.

आता आपण टिळकांना त्या यादीवर तपासू. तपासणारे आपण नाही, लक्ष्मीबाई. त्यांचं 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. टिळकांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. मराठीतल्या सगळ्यात मोठ्या आत्मचरित्रांपैकी हे एक, आणि माझ्या मते एका पाळकाचा सगळ्यात सच्चा 'फीडबॅक फॉर्म'.

पैशाचा लोभ? शून्य. उलट इतका शून्य की घर चालवणारीचे हाल. हातात आलेला पैसा टिळकांकडे टिकायचाच नाही. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा.

पाहुण्यांना घर उघडं? पूर्ण मार्क. पोरकी मुलं घरात आणून ठेवायचे. बालकवी ठोंबरे नगरला यांच्याच घरी राहिले, मुलासारखे. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे त्या घरातला त्यांचा लाड काही कमी झाला नाही. पण ही सगळी माणसं जेवायची लक्ष्मीबाईंच्या हातचं. अतिथ्यशील असल्याचे मार्क नवऱ्याला, भाकऱ्या बायकोला.

शिकवता येणं? प्रश्नच नाही. मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन-अभंगांचा सूर ज्यांनी रुजवला त्यांत टिळकांचं नाव सगळ्यात वर. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादनही त्यांनी केलं.

बाहेरच्यांत नाव? ज्या मराठी साहित्यविश्वानं धर्मांतरामुळे त्यांना सहज वाळीत टाकलं असतं, त्यानं त्यांना कवी म्हणून डोक्यावर घेतलं.

आणि आता राग. स्वस्थचित्त, भांडखोर नसलेला, घर सांभाळणारा या रकान्यांत टिळक अडकतात. टिळक शीघ्रकोपी होते. घरात न सांगता निघून जायचे, कुठे गेले हे बायकोला कळायचं नाही. रागाचे प्रसंग लक्ष्मीबाई लपवत नाहीत. त्या ते खुसखुशीत भाषेत सांगतात, वाचताना आपण हसतो. मग पान उलटताना लक्षात येतं की ही हकीकत त्या बाईला जगावी लागली होती.

मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू? लक्ष्मीबाई टिळकांना देव करत नाहीत आणि राक्षसही करत नाहीत. त्यांच्या पुस्तकात एक माणूस हळूहळू बदलताना दिसतो. ज्यानं एवढा मोठा निर्णय बायकोला न विचारता घेतला, तोच पुढे तिला लिहायला, बोलायला उभं करतो. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं, तेव्हा त्याचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं!

पगार सोडला तेव्हा

१९१७ साली टिळकांनी मिशनचं काम आणि त्याबरोबर मिशनचा पगार सोडला. साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी कल्पना होती. त्यांचं म्हणणं असं की हिंदी चर्च हिंदी माणसांनी चालवावं. परदेशी पैशावर उभा असलेला पाळक मोकळेपणानं बोलू शकत नाही.

इथे लोभ नसण्याची अट वेगळी दिसते. पैसे खाऊ नयेत, एवढाच तिचा अर्थ नाही. आपलं मत ज्याच्या पगारावर अवलंबून आहे त्याच्यापासून किती मोकळे आहोत, हाही त्याच अटीचा भाग आहे. माझ्यासारख्या ईएमआयवाल्याला हे जरा लागलंच. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले.

आणि ज्यांना घरच नाही?

आता एक अडचण. 'घर सांभाळतो का बघा' ही कसोटी विवाहित पाळकाला लागू. कॅथलिक धर्मगुरूंचं काय? लॅटिन चर्चमध्ये धर्मगुरूंनी अविवाहित राहण्याचा नियम ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत पक्का झाला. मग तिथे लक्ष्मीबाई कोण?

उत्तर एकच: लोक. आणि लोकांचं ऐकलं नाही की काय होतं हे जगानं २००२ साली पाहिलं. 'बोस्टन ग्लोब'नं मुलांवरच्या अत्याचारांची आणि ते दडपणाऱ्या वरिष्ठांची प्रकरणं बाहेर काढली. तक्रारी आधीही झाल्या होत्या. पण संस्थेचं नाव वाचवण्यासाठी माणसं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवली गेली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम काढला की अशा तक्रारी कळवणं धर्मगुरूंना बंधनकारक आहे आणि दडपणाऱ्या बिशपचीही चौकशी होईल. एवढं लिखित व्हायला इतका वेळ लागला.

पण लोकांची साक्ष चांगलीही असते. त्यासाठी वसईला जाऊ. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जन्म १९४२, धर्मगुरू १९७२ पासून. 'सुवार्ता' मासिकाचे बरीच वर्षं संपादक. वसईची शेती, विहिरी, झाडं बिल्डर आणि गुंडगिरीच्या विळख्यात जात होती, तेव्हा 'हरित वसई' आंदोलनात हा माणूस झग्यासकट रस्त्यावर उतरला. सोबत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. तब्येत बरी नसतानाही ते गेले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर स्पष्ट बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले तेव्हा हळहळणाऱ्यांत चर्चची पायरी न चढलेले कितीतरी मराठी वाचक होते. मीही त्यातला एक.

बाहेरच्यांत नाव चांगलं असावं, या जुन्या अटीचा अर्थ मला तेव्हा कळला. आपल्या माणसांत मोठं होणं सोपं असतं. ज्यांना आपल्या पदाची भीती नाही आणि गरजही नाही, ते काय म्हणतात, हे महत्त्वाचं.

मग मित्राला काय सांगितलं?

परवा त्याला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, पण टिळकसुद्धा चिडके होते, तरी पाळक होतेच ना? मग आमच्या माणसालाच का अडवायचं?"

प्रश्न बरोबर आहे. मी थोडा वेळ अडकलोच. मग जे सुचलं ते तुम्हालाही सांगतो. टिळक परिपूर्ण होते म्हणून आपण त्यांना मानत नाही. त्यांच्या घरातली बाई खरं बोलू शकली आणि ते छापून आलं, म्हणून आपला त्यांच्यावर विश्वास बसतो. तिनं दोष मोजले, आणि तरी शेवटी तिचा आदर शिल्लक राहिला. तो आदर तिचा स्वतःचा होता, कोणी मागून घेतलेला नव्हता. पण लक्षात ठेव, हे पुस्तक आलं ते टिळक गेल्यानंतर. ते पाळक झाले तेव्हा लक्ष्मीबाईंचं मत कोणी घेतलं असेल असं मला वाटत नाही. तू ती चूक करू नकोस.

शिवाय चिडका आणि मारकुटा हे दोन शब्द यादीत वेगळे आहेत. स्वभावाला औषध असतं. ज्याच्या पावलांचा आवाज ऐकून घर गप्प होतं, त्याच्या हातात आणखी शंभर घरं द्यायची का, हा प्रश्न वेगळा आहे.

मित्र म्हणाला, "ठीक आहे. मीटिंगमध्ये मी कोणावर आरोप करणार नाही. फक्त ती यादी वाचून दाखवीन आणि आईचा प्रश्न विचारीन. सगळ्याच उमेदवारांबद्दल." मी म्हटलं, "आणि उत्तर द्यायला त्या बायकांना खरंच मोकळीक असेल का, हेही बघ. नवऱ्यासमोर बसवून विचारलंत तर काय उपयोग?" त्यावर तो हसला. म्हणाला, "म्हणजे आईलाच कमिटीत घ्यावं लागेल."

निवड पुढच्या महिन्यात आहे. काय झालं ते कळलं की, आणि त्याची परवानगी असली की, सांगेन.

तोवर तुमच्यासाठी एक काम. 'स्मृतिचित्रे' घरात कुठेतरी असेल, आजीच्या कपाटात वगैरे. काढा आणि वाचा. आणि तुमच्या मंदिराचे ट्रस्टी, मशिदीची कमिटी, गणपती मंडळाचा अध्यक्ष, ऑफिसातला मॅनेजर, कोणीही घ्या, त्यांना निवडताना त्यांच्या घरच्यांना आणि बाहेरच्यांना कोणी विचारलं होतं का, एवढं कमेंटमध्ये सांगा. नावं मात्र लिहू नका प्लीज, मला पनवेलमध्येच राहायचंय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!